पोटात गोदी असलेलं जहाज

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. युद्धनौका कशा बांधाव्यात या वादावर मी का बोलावं, असं श्रोत्यांच्या मनात येईल. त्याचं कारण माझे नाना, म्हणजे आईचे वडील. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावातून ते मुंबईला गेले आणि एका इंग्रज कंपनीच्या आगबोटीवर इंजिनखोलीत कामाला लागले. कोकणातल्या मुसलमान वस्त्यांत अशी माणसं घराघरात असत. कंपनीच्या कागदावर ती ‘लास्कर’, गावात खलाशी.

१९८२ साली ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात फॉकलंड बेटांवरून युद्ध झालं, तेव्हा मी शाळेत होतो. नाना निवृत्त होऊन गावी आले होते आणि रात्रीच्या बातम्या चुकवत नसत. अमुक जहाज बुडालं असं कानावर आलं की ते कुणाचं, हे विचारण्याआधी ते म्हणत, “इंजिनखोलीतनं वर यायला शिड्या किती होत्या?” बातम्यांत ते कधी सांगत नसत. मोठेपणी या युद्धाबद्दल वाचत गेलो तेव्हा कळलं, की नानांचा प्रश्न हा खरं तर जहाजाच्या आराखड्याचा प्रश्न होता. आणि त्या आराखड्यांवरून लंडनमध्ये युद्धाच्या आधीही भांडण झालं होतं, नंतर तर कित्येक वर्षं चाललं.

सुरुवात १९८१ पासून करतो. मार्गारेट थॅचर पंतप्रधान, जॉन नॉट संरक्षणमंत्री. तिजोरीत चणचण, आणि नव्या अण्वस्त्रवाहू पाणबुड्यांचा खर्च समोर उभा. २५ जून १९८१ रोजी नॉट यांनी संसदेपुढे आपली योजना ठेवली. विनाशिका आणि फ्रिगेट मिळून साठच्या आसपास नौका होत्या, त्या पन्नासवर आणायच्या. ‘इन्व्हिन्सिबल’ ही कोरी विमानवाहू नौका विकायची. पुढे ऑस्ट्रेलियाशी तसा सौदाही ठरला. आणि ‘फीअरलेस’ व ‘इंट्रेपिड’ या दोन नौका काढून टाकायच्या. नौदलाचं खातं सांभाळणारे मंत्री कीथ स्पीड यांनी योजना जाहीर होण्याआधीच, मे महिन्यात, कपातीविरुद्ध उघड भाषण केलं आणि त्यांचं मंत्रिपद गेलं.

नॉट यांना मूर्ख ठरवायची पुढे फॅशन झाली. मला ते पटत नाही. त्यांच्यासमोर जे युद्ध होतं ते सोव्हिएत युनियनशी, उत्तर अटलांटिकमध्ये. त्या युद्धात शत्रूच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याची वेळ येईल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. नॉर्वेत कुमक पाठवायची तर बंदरं मित्रांचीच, धक्के तयार. मग समुद्रातून थेट वाळूवर माणसं उतरवणारी खर्चिक जहाजं कशाला? हिशेब चोख होता, फक्त युद्ध दुसरंच आलं.

‘फीअरलेस’ १९६५ मध्ये नौदलात आली, ‘इंट्रेपिड’ १९६७ मध्ये. जेम्स बाँडचा ‘द स्पाय हू लव्हड मी’ पाहिला असेल त्यांनी ‘फीअरलेस’ पाहिलेली आहे. शेवटी बाँड आणि त्याची नायिका समुद्रात तरंगत असतात आणि एक जहाज त्यांना मागच्या दारानं पोटात घेतं, तेच हे. एरवी जहाज गोदीत जातं. इथे गोदीच जहाजाच्या पोटात. मागच्या भागात एक लांबलचक हौद. टाक्यांत पाणी भरलं की जहाजाची शेपटी खाली बसते, मागचं प्रचंड दार उघडतं, समुद्र आत येतो आणि हौदात ठेवलेल्या चार मोठ्या सपाट होड्या तरंगायला लागतात. सैनिक, गाड्या, तोफा आधीच त्यांत चढवलेल्या असतात. होड्या बाहेर पडतात आणि थेट किनाऱ्याला लागतात. धक्का नको, क्रेन नको. आणखी चार लहान होड्या वर बाजूंना टांगलेल्या. शिवाय सगळ्या फौजेचा कारभार चालवण्यासाठी खोल्या आणि संदेशयंत्रणा. अशा नौका ब्रिटनकडे दोनच होत्या.

त्या काढून टाकायचा निर्णय मार्च १९८२ मध्ये मागे घेतला गेला. २ एप्रिलला अर्जेंटिनानं फॉकलंड घेतलं. ‘इंट्रेपिड’ तेव्हा सामानसुमान उतरवून पोर्ट्समथला रिकामी उभी होती. तिचे खलाशी इकडून तिकडून परत गोळा केले आणि काही आठवड्यांत ती दक्षिणेकडे निघाली. आठ हजार सागरी मैलांचा पल्ला. वाटेत धड बंदर नाही.

२१ मेच्या पहाटे सॅन कार्लोसच्या खाडीत सैन्य उतरलं ते याच दोघींच्या होड्यांतून. सैनिकांना आणणारी बाकी जहाजं कसली होती? ‘कॅनबेरा’ हे उतारूंचं बडं जहाज, ‘नॉर्लंड’ ही हल ते रॉटरडॅम चालणारी फेरीबोट. त्यांना वाळूपर्यंत जाता येत नव्हतं, आणि त्यांच्या दारात येऊन माणसं घेऊन जाणाऱ्या मोठ्या होड्या ‘फीअरलेस’ आणि ‘इंट्रेपिड’च्याच. वर्षापूर्वी ज्यांना मोडीत काढायचं ठरलं होतं त्या दोन जहाजांवाचून ते युद्ध लढताच आलं नसतं, असं मी म्हणतो. काही इतिहासकार ‘फार अवघड गेलं असतं’ एवढंच म्हणतील.

सैन्य उतरत असताना बाहेरच्या सामुद्रधुनीत फ्रिगेट पहारा देत होत्या. विमानं येणार ती आधी त्यांच्यावर. त्या पाण्याला नौसैनिकांनी ‘बॉम्बगल्ली’ असं नाव दिलं. ‘आर्डंट’ पहिल्याच दिवशी पेटली. २२ माणसं गेली. ‘अँटिलोप’च्या पोटात न फुटलेले बॉम्ब अडकले, त्यातला एक निकामी करताना फुटला आणि ती बुडाली. २५ मेला ‘कॉव्हेंट्री’ ही विनाशिका गेली आणि त्याच दिवशी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे मालवाहू जहाज. त्या मालवाहू जहाजाबरोबर तीन चिनूक हेलिकॉप्टर जळाली. पुढचं सगळं त्या तीन हेलिकॉप्टरांच्या अभावातून घडलं.

हेलिकॉप्टर नाहीत म्हणजे माणसांनी चालायचं, नाहीतर पुन्हा समुद्रानं जायचं. वेल्श गार्ड्स या पलटणीला फिट्झरॉय नावाच्या वस्तीपर्यंत पोचवायचं होतं. ‘फीअरलेस’ त्यांना घेऊन एका रात्री निघाली, पण पुरेशा होड्या वेळेवर भेटल्या नाहीत, निम्मी पलटण उतरली आणि निम्मी परत आली. पुन्हा तिलाच का नाही पाठवलं? कारण ती बुडाली तर भरून काढायला दुसरं काही नव्हतं. उघड्या किनाऱ्याजवळ दिवसाउजेडी तिला धाडायला वरचे अधिकारी तयार नव्हते, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तयार झालो नसतो. म्हणून उरलेल्या सैनिकांना ‘सर गॅलहॅड’मध्ये बसवलं. ही लहान, स्वस्त, व्यापारी धर्तीची नौका. नाळेला दार, पोटात गोदी नाही. रचना अशी की किनाऱ्याला लागावं आणि दार उघडून माल उतरवावा.

८ जून १९८२. सकाळी ‘सर गॅलहॅड’ फिट्झरॉयला पोचली. शेजारी तिची बहीण ‘सर ट्रिस्ट्रम’ दारूगोळा उतरवत होती. होड्या कमी, कुणी आधी उतरायचं यावर घोळ, आणि सैनिक कित्येक तास जहाजावरच. दुपारी स्कायहॉक विमानं आली. ‘सर गॅलहॅड’वर ४८ माणसं मेली, त्यांत ३२ वेल्श गार्ड्सचे. ‘सर ट्रिस्ट्रम’वर दोघं गेले, ते दोघेही हाँगकाँगचे चिनी खलाशी होते. ‘सर गॅलहॅड’च्या मृतांतही हाँगकाँगची माणसं आहेत. त्याच दिवशी ‘फीअरलेस’ची एक होडी पाण्यात एकटी जाताना विमानांना सापडली आणि तिच्यावरचे सहा जण गेले.

हाँगकाँगच्या माणसांचा उल्लेख मी मुद्दाम केला. ‘शेफील्ड’ आणि ‘कॉव्हेंट्री’ या विनाशिकांवरही कपडे धुणारे चिनी धोबी मेले. इंग्रजांच्या जहाजांवर कामाला असलेल्या परक्या माणसांच्या त्या लांबलचक रांगेत आमचे नानाही होते. फरक इतकाच, की ते परत आले.

युद्ध १४ जूनला संपलं. ब्रिटनचे २५५ सैनिक आणि खलाशी, अर्जेंटिनाचे ६४९, बेटावरच्या तीन बायका. मग दोष कुणाचा याची चर्चा सुरू झाली. वर्तमानपत्रांनी ॲल्युमिनियम पकडलं. वजन वाचवण्यासाठी ‘आर्डंट’सारख्या फ्रिगेटांचा वरचा भाग ॲल्युमिनियमचा होता, म्हणून जहाजं जळाली, असं जगभर छापून आलं. गंमत म्हणजे क्षेपणास्त्रानं पेटून सगळ्यात आधी गेलेली ‘शेफील्ड’ पोलादाची होती. तिथे आग विझवायच्या पाण्याचा नळ पहिल्याच तडाख्यात फुटला आणि धुरानं माणसं आंधळी झाली. भाजलेल्यांच्या अंगावर कृत्रिम धाग्याचे कपडे वितळून चिकटले. आराखड्यात या गोष्टी बारीक अक्षरात असतात.

याचा परिणाम झाला तो पुढच्या फ्रिगेटवर. ‘टाइप २३’ ही आधी एक स्वस्त, लहानशी नौका म्हणून आखली जात होती. काम एकच: मागे लांब दोरावर ऐकणारी यंत्रं ओढत अटलांटिकमध्ये फिरायचं आणि पाणबुडीचा कानोसा घ्यायचा. पहिल्या आराखड्यात तिला मोठी तोफसुद्धा नव्हती. फॉकलंडनंतर आराखडा पुन्हा उघडला. किनाऱ्यावरच्या सैन्याला आधार द्यायला तोफ आली, जवळ आलेलं विमान किंवा क्षेपणास्त्र पाडायला ‘सी वुल्फ’ आलं, आणि जहाजाचे आगीसाठी पाच स्वतंत्र भाग पाडले गेले. एकातला धूर दुसऱ्यात जाऊ नये म्हणून हवेची सोयही वेगळी. पहिली नौका ‘नॉरफोक’ १९९० मध्ये दाखल झाली. एकूण सोळा बांधल्या. नानांच्या प्रश्नाला मला सापडलेलं सगळ्यात जवळचं उत्तर हेच. ऐकायला ते राहिले नव्हते.

याच सुमारास आणखी एक भांडण झालं, ते मला फार आवडतं. काही खासगी आरेखक म्हणाले, फ्रिगेट लांब आणि सडपातळ कशाला? आखूड आणि रुंद करा. स्वस्त होईल, स्थिर राहील, आत जागा जास्त. ‘एस-९०’ नावाचा आराखडा त्यांनी पुढे केला, आणि नौदलाचे माजी प्रमुख लॉर्ड हिल-नॉर्टन यांच्यासारखा माणूस त्यांच्या बाजूनं उभा राहिला. सरकारी आरेखक म्हणाले, रुंद जहाज वेगानं पळवायला अचाट ताकद लागेल. शेवटी लॉइड्स रजिस्टरकडे चौकशी गेली आणि १९८८ मध्ये त्यांनी आखूड-रुंद पक्षाचे दावे नाकारले. आमच्या खाडीवरच्या एखाद्या मिस्त्रीला विचारलं असतं तर त्यानं विडी विझवून एवढंच सांगितलं असतं, की रुंद होडी डगमगत नाही, पण वल्हवताना जीव काढते.

त्या युद्धातली जहाजं नंतर कुठे गेली पाहा. ताफ्याची प्रमुख नौका ‘हर्मिस’ भारतानं घेतली. १९८७ मध्ये ती ‘विराट’ झाली आणि मार्च २०१७ मध्ये मुंबईतच निवृत्त झाली. ‘अँड्रोमेडा’ ही फ्रिगेट १९९५ मध्ये आपल्याकडे ‘कृष्णा’ होऊन आली. आणि ‘आर्डंट’, ‘अँटिलोप’ यांच्या उरलेल्या सहा बहिणी १९९३-९४ मध्ये पाकिस्तानात, कराचीला गेल्या. एका ताफ्यातल्या नौका अशा आपल्या समुद्राच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या. नौदल सप्ताहात ‘विराट’ बघायला मीही गेलो होतो. शिड्या मोजायला लागलो तेव्हा सोबतचा नौसैनिक हसून म्हणाला, “साहेब, पुढे चला, मागे रांग आहे.”

‘फीअरलेस’ २००२ पर्यंत चालली आणि बेल्जियममध्ये तोडली गेली. तिच्या जागी ‘अल्बियन’ आणि ‘बुलवार्क’ आल्या, २००३ आणि २००५ मध्ये. पुन्हा दोनच, पुन्हा मोठ्या, पोटात गोदी असलेल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये संरक्षणमंत्री जॉन हीली यांनी त्या दोघी, एका जुन्या ‘टाइप २३’ फ्रिगेटसह, सेवेतून काढत असल्याचं जाहीर केलं. समुद्रावर जायला त्या तशाही सज्ज नव्हत्या. त्याआधी मे महिन्यात, आधीच्या सरकारच्या काळात, सहापर्यंत नव्या बहुउद्देशी नौका बांधण्याचा मानस सांगितला गेला होता. त्यामुळे जुना वाद नव्या कपड्यात परत आला. लढणारं जहाज आणि वाहणारं जहाज वेगळं ठेवायचं, की डेन्मार्कच्या ‘अबसलॉन’सारखं करायचं? तिथे फ्रिगेटच्याच पोटात गाड्यांसाठी मजला आहे. दोन मोठी बांधायची, की सहा लहान?

दोनच असली की ती इतकी मोलाची होतात, की जिथे गरज आहे तिथे पाठवायचा धीर होत नाही; फिट्झरॉयला तेच झालं. सहा असली तर एखादं धोक्यात घालता येतं. पण ‘स्वस्त’ या शब्दाखाली त्यांच्यातून काय काय काढून घेतलं जाईल, हे आराखडा पुरा झाल्याशिवाय कळायचं नाही. ‘सर ट्रिस्ट्रम’ युद्धानंतर दुरुस्त केली तेव्हा तिची लांबी वाढवली आणि वरच्या भागातलं ॲल्युमिनियम काढून पोलाद घातलं. मला विचाराल तर सहा बांधाव्यात, प्रत्येकीच्या पोटात गोदी ठेवावी, आणि आराखडा मंजुरीला येईल तेव्हा खालच्या मजल्यावरून वर यायच्या शिड्या कुणीतरी मोजाव्यात.