मेस्त्री आणि मास्तर

मराठीतील ‘मेस्त्री’ व ‘मास्तर’ हे दोन्ही शब्द लॅटिन ‘मॅजिस्टर’ या एकाच शब्दाचे वंशज होत. पहिला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेल्यावर, ‘मेस्त्रे’ या रूपाने आला. दुसरा इंग्रजी अमदानीत. पोर्तुगीज भाषेत ‘मेस्त्रे’ म्हणजे शिक्षक, तसाच कसबी कारागीरही. गोव्यातील चर्चच्या पाठशाळेत संगीत शिकविणारा मेस्त्रेच असे. मराठीत मात्र हे दोन अर्थ फुटून निघाले: सुतार-गवंडी तेवढे मेस्त्री ठरले, शाळेत शिकविणारा मास्तर झाला. मेस्त्रीच्या हाताखाली उमेदवार कसब शिकत असताही त्याच्या नावातील गुरुपण लोपले. याचे कारण भाषेत नव्हे, हातकामाकडे पाहण्याच्या दृष्टीत शोधावे लागते. शिंप्यास मात्र आजही ‘मास्तर’ म्हणतात.