कडी लावलेली मोहोर

सोन्याचे जुने नाणे पुढे आले की संग्राहक दोन प्रश्न विचारतो. अशी किती पाडली? आणि झीज किती? अमेरिकेत पहिल्या प्रश्नाचे उत्तर टांकसाळीच्या दफ्तरात मिळते. १९३३ सालची वीस डॉलरची नाणी ४,४५,५०० पाडली होती. पण त्याच वर्षी तिथल्या सरकारने सोन्याचे चलन बंद केले आणि जवळजवळ सगळी मुशीत गेली. वाचलेल्यांपैकी एक २०२१ मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला विकले गेले. दुर्मीळता ठरवली ती पाडणाऱ्याने नव्हे, वितळवणाऱ्याने.

आपल्याकडे दफ्तर हाती लागणे कठीण. मूस मात्र गल्लोगल्ली. ग्वाल्हेरला किला गेटकडून वर चढताना मनात हेच होते. पायथ्याशी गुजरी महाल. संस्थानी पुरातत्त्व खात्याच्या मो. ब. गर्दे यांनी इथे संग्रहालय उभे केले, हे आपल्याकडे फारसे कुणाच्या गावी नसते. याच किल्ल्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टांकसाळीची मोहोर मला पाहायची होती.

जनकोजीराव शिंद्यांच्या (१८२७-४३) या मोहरेवर धनुष्यबाण आहे, पण नाव दिल्लीच्या महंमद शाहाचे. तो तर १७४८ मध्येच वारला! सन हिजरी ११३०, राज्यारोहणाचे वर्ष दुसरे. गंमत अशी की हिजरी ११३० संपले तेव्हा महंमद शाह तख्तावर बसलाही नव्हता. सराफाला पटलेला ठसा मोडायचा नाही, एवढाच त्यातला हिशेब. पुढे माधवरावांनी संवत १९५९ मध्ये, म्हणजे १९०२ साली, स्वतःची छबी असलेली तिसऱ्या हिश्श्याची मोहोर पाडली. ती आज क्वचितच दिसते.

आता झिजेचे. मोहोर कोरी करकरीत राहिली, कारण ती बाजारात फिरलीच नाही. शिंद्यांच्या खजिन्याला गंगाजळी म्हणत. १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी संस्थानाने ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले, यावरून साठ्याची कल्पना यावी. संग्राहक ज्याला उत्तम स्थिती म्हणतो, ती मला तरी नाण्याची बेकारी वाटते.

आपल्या सीमाभागातल्या बायकांनी तिसरीच वाट काढली. व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांवर माणसांच्या आकृती होत्या, म्हणून त्या ‘पुतळ्या’ झाल्या आणि माळेत ओवल्या गेल्या. कडी जडवलेल्या नाण्याची लिलावात किंमत पडते. पण दागिना झाल्यामुळेच कितीतरी नाणी मुशीपासून वाचली.

किला गेटजवळच्या एका मराठी घरात अशीच मोहोर पाहिली. धनुष्यबाण पुसट, कडी नंतरची, तिचा डाक ओबडधोबड. विकण्याचा विषय कुणीतरी काढला. आजींनी मोहोर माझ्या तळहातावरून उचलून डबीत घातली आणि म्हणाल्या, “ती सूनबाईची आहे. तिला विचारा.”