हुगळीचं खारट चीज

कोलकात्याच्या पोस्टिंगमधली गोष्ट. मेसमध्ये एका शनिवारी 'वाईन अँड चीज' संध्याकाळ ठरली. कल्पना एका तरुण कॅप्टनची. वाईनची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली आणि मी मराठी म्हणून मुद्दाम नाशिकची वाईन मागवली. चीज आणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोणी तरी सांगितलं, "सर, डबाबंद चीज कशाला? न्यू मार्केटमध्ये बँडेल चीज मिळतं, तेच आणा."

किल्ल्याच्या दरवाजातून बाहेर पडून मैदान ओलांडलं, चौरंगी रस्ता पार केला, की न्यू मार्केट येतं. लाल विटांची ही मंडई 1 जानेवारी 1874 रोजी सुरू झाली. गोऱ्या साहेबांना देशी बाजाराच्या गर्दीत खरेदी नको होती, म्हणून कलकत्ता कॉर्पोरेशनने ती खास बांधली. 1903 मध्ये तिला सर स्टुअर्ट हॉग यांचं नाव दिलं. ते नाव आज फक्त पाटीवर आहे. लोकांच्या तोंडी दीडशे वर्षांनंतरही ती 'न्यू'च मार्केट आहे.

आत चीजची दुकानं अगदी लहान, आपल्याकडच्या वाण्याच्या दुकानाएवढी. काउंटरवर पेढ्यापेक्षा थोड्या मोठ्या, चपट्या गोल वड्या मांडलेल्या. काही पांढऱ्या, काही धुरी दिलेल्या तपकिरी. वजनावर नाही, नगावर विकतात. दुकानदार साठीचे गृहस्थ. पुढ्यात एक वयस्कर अँग्लो-इंडियन बाई पिशवीत बारा वड्या मोजून घेत होत्या. मी दोन्ही प्रकारच्या तीस-तीस वड्या मागितल्या तेव्हा दोघांनीही माझ्याकडे वळून पाहिलं. दुकानदारांनी बजावलं, "दादा, रात्रभर पाण्यात भिजवा. मगच खा."

मी "हो हो" म्हटलं आणि विसरलो.

पुढे काय झालं ते सांगायला नकोच. पहिला घास घेतलेल्या आमच्या सीनियर ऑफिसरच्या पत्नीने शांतपणे पाण्याचा ग्लास उचलला. पाठोपाठ सगळ्यांनी. नाशिकची वाईन तशीच राहिली आणि मेस हवालदार पाण्याचे जग भरून आणत राहिला. बँडेल चीज हे मिठाने टिकवलेलं चीज आहे. न भिजवता खाणं म्हणजे लोणच्याच्या बरणीच्या तळाचं मीठ चमच्याने खाण्यासारखं.

पुढच्या आठवड्यात चूक कबूल करायला पुन्हा त्या दुकानात गेलो. ते हसले, दोन वड्या कागदात बांधून दिल्या, पैसे घेतले नाहीत. या वेळी भिजवून खाल्ल्या. पांढरी वडी भुसभुशीत, किंचित आंबट. धुरीची वडी थेट चुलीवरच्या वासाची. मग प्रश्न पडला, की हे चीज बंगालमध्ये आलं कुठून? ते शोधताना एका लढाईपाशी पोचलो, आणि मग स्वतःच्याच इतिहासापाशी.

कोलकात्यापासून सुमारे चाळीस किलोमीटर उत्तरेला, हुगळी नदीच्या काठी बँडेल आहे. नाव 'बंदर' या शब्दावरून आलं असं मानतात. सोळाव्या शतकाच्या शेवटी, अकबराच्या परवानगीने पोर्तुगीज हुगळीत वसले. 1599 मध्ये तिथे चर्च उभं राहिलं. इथला व्यापार भरभराटीला आला, पण त्या व्यापारात माणसंही होती. फिरंगी आणि आराकानचे मग मिळून खालच्या बंगालच्या नद्यांमधून गावं लुटत आणि माणसं पकडून गुलाम म्हणून विकत. बंगालीत बेबंदशाहीला आजही 'मगेर मुल्लुक' म्हणतात, ते त्या दिवसांमुळे. शिवाय शहाजहान राजपुत्र असताना त्याने बापाविरुद्ध बंड केलं, तेव्हा पोर्तुगीजांनी त्याला साथ दिली नव्हती. तोही राग होताच.

1632 च्या जूनमध्ये बंगालचा सुभेदार कासिम खान याच्या फौजेने हुगळीला वेढा घातला. लष्करी माणसाने वाचावा असा हा वेढा आहे. पोर्तुगीजांची ताकद गलबतांत होती, म्हणून मुघलांनी खालच्या अंगाला नदीवर नावांचा अडसर घालून त्यांची सुटकेची वाट बंद केली. खंदकाचं पाणी काढून दिलं, मग भुयारं खणून सुरुंग लावले. सुमारे तीन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये हुगळी पडली. सुमारे चार हजार कैदी आग्र्याला नेले. चर्च जाळलं गेलं. शहाजहानच्या 'पादशाहनामा'त या विजयाचं चित्र आहे.

म्हणजे हिशेब पूर्ण झाला. पण वर्षभरातच शहाजहानने पोर्तुगीजांना परत येऊ दिलं आणि बँडेलला 777 बिघे बिनसाऱ्याची जमीन दिली. चर्चची परंपरा याचं कारण एक चमत्कार सांगते: आग्र्यात पिसाळलेल्या हत्तीपुढे टाकलेल्या पाद्र्याला हत्तीने सोंडेने उचलून पाठीवर बसवलं. मला वाटतं, चमत्काराइतकाच व्यापारही कारणीभूत असावा. जकात देणारा व्यापारी कोणत्याही बादशहाला हवाच असतो. मात्र हुगळीत पोर्तुगीजांची सत्ता पुन्हा कधीच उभी राहिली नाही. राहिलं ते चर्च, काही शब्द आणि स्वयंपाकघर.

शब्द तर आपल्याकडेही आहेत. चावी, पाव, इस्त्री, अननस हे मराठीत वसईकडून आणि गोव्याकडून आले, बंगालीत हुगळीकडून. दुकानदारांच्या 'चाबी' आणि 'आनारस'ने माझं भाषेचं अर्धं काम सोपं केलं.

चीजचंही तसंच. दूध आंबट घालून फाडायचं, चोथा लहान टोपल्यांत निथळायचा, मीठ लावायचं, हवी तर धुरी द्यायची. रेनेट नाही, तळघरात महिनोन् महिने मुरवणं नाही. उष्ण, दमट हवेत टिकेल असा हा समुद्रप्रवाशांचा पदार्थ. सांगतात असं, की पोर्तुगीजांच्या हाताखाली तो बनवायचे मग स्वयंपाकी. पुढे इंग्रजांच्या घरांतही मग खानसाम्यांचं मोठं नाव होतं. फ्रान्सचा प्रवासी बर्निये 1660 च्या दशकात बंगालमध्ये आला, तेव्हा पोर्तुगीज वस्तीतली मिठाई उत्तम असते आणि तिचा मोठा व्यापार चालतो, असं त्याने लिहून ठेवलं. यावरूनच काही अभ्यासक म्हणतात, की बंगालने छेना पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्यातून पुढे रसगुल्ला, संदेश आले. मला हे पूर्ण पटत नाही. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास'मध्ये फाडलेल्या दुधाचे गोड पदार्थ आहेत. दूध फाडणं आपल्याला आधीपासून येत होतं. पण छेन्याला मीठ लावून, धुरी देऊन महिनाभर टिकवणं, ही देणगी बाहेरची दिसते.

एकदा दुकानदारांनी विचारलं, "दादा, आपका घर कहाँ?" मी म्हटलं, महाराष्ट्र. ते क्षणभर थांबले आणि हसत म्हणाले, "ओ! बर्गी!"

बंगालमध्ये नोकरी केलेल्या प्रत्येक मराठी माणसाने हे कधी ना कधी ऐकलेलं असतं. बारगीर या आपल्या शब्दाचा 'बर्गी' झाला आणि तो बंगाली आयांच्या अंगाईगीतात जाऊन बसला, मुलांना झोपवायला. 1742 मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर फौज घेऊन बंगालमध्ये उतरले. त्याच वर्षी मीर हबीबच्या मदतीने मराठ्यांनी हुगळी घेतली. होय, तीच हुगळी. काही काळ तिथे आपला अंमल होता. घाबरलेल्या कोलकात्याने शहराभोवती 'मराठा डिच' खणायला घेतला. तो कधीच पूर्ण झाला नाही, पण आजचा आचार्य जगदीशचंद्र बोस रोड बराचसा त्याच रेषेवरून जातो. 1744 मध्ये अलिवर्दीखानाने भास्कररामांना भेटीला बोलावून दगा दिला. 1751 च्या तहात चौथाई आणि ओडिशा मिळाला. आपल्या पाठ्यपुस्तकात हा विजय आहे.

त्याच सुमारास गंगाराम नावाच्या बंगाली कवीने एक काव्य लिहिलं. नाव 'महाराष्ट्र पुराण'. नाव वाचून माझा ऊर भरून आला होता. मग आतला मजकूर कळला. जळणारी गावं, पळणारे लोक, बायकांवरचे अत्याचार. चौथाई वसूल करायला गेलेली फौज शेतकऱ्याला कशी दिसते, ते त्यात आहे. मी एनडीएत इतिहास शिकलो, त्यात मोहिमांचे नकाशे होते, बाण होते. बाणाखाली आलेली गावं नव्हती. फिरंग्यांवर गुलामांच्या व्यापाराचा ठपका ठेवताना हेही सांगायला हवं, नाहीतर ठपका ठेवण्याचा अधिकार राहत नाही.

पुढची साखळी अजून विचित्र आहे. 1756 च्या फेब्रुवारीत क्लाइव्ह आणि ॲडमिरल वॉटसन यांनी तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. दुःखाची गोष्ट अशी, की त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते. मग हीच जोडी बंगालला आली. 1757 च्या जानेवारीत त्यांनी कोलकाता परत घेतलं आणि लगेच हुगळी लुटली. जूनमध्ये प्लासी झाली. 1758 मध्ये क्लाइव्हने नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. तोफांना मोकळी 'फील्ड ऑफ फायर' मिळावी म्हणून गोविंदपूर गाव हलवलं, जंगल तोडलं. तेच आजचं मैदान. ज्या मैदानातून मी चीज आणायला जायचो, ते एका गावाच्या जागेवर आहे.

आणि 2024 च्या डिसेंबरपासून त्या फोर्ट विल्यमचं नाव आहे विजय दुर्ग. सिंधुदुर्गातल्या आपल्या किल्ल्यावरून. सेंट जॉर्ज गेट आता शिवाजी गेट आहे. क्लाइव्हने जो किल्ला घेतला, त्याचं नाव क्लाइव्हने बांधलेल्या किल्ल्याला. मराठी म्हणून मला याचा आनंद झाला, लपवत नाही.

ही बातमी कळल्यावर मी उत्साहाने दुकानदारांना सांगायला गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, "भालो" म्हणाले आणि वड्या मोजू लागले. मग आपणहून म्हणाले, की माल येणं कमी झालं आहे. बँडेल चीज आता बँडेलमध्ये बनतच नाही. ते येतं तारकेश्वर आणि विष्णुपूरकडून, मोजक्या घरांमधून. दूध महाग, मेहनत मोठी, भाव थोडा. पोरांना हा धंदा नको आहे. "हम हैं तब तक," असं म्हणून त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

परत येताना मैदानात थोडा वेळ बसलो. हुगळीवर पोर्तुगीज, मुघल, मराठे, इंग्रज सगळ्यांचे झेंडे लागले. शेजारी चिनसुऱ्यात डच, चंदननगरात फ्रेंच, श्रीरामपुरात डॅनिश होते. त्या प्रत्येकाच्या पराक्रमाची नोंद कुठे ना कुठे आहे. टोपलीत चोथा निथळणाऱ्याची कुठेच नाही. किल्ल्याचं नाव एका आदेशाने बदलता येतं आणि उद्या दुसऱ्या आदेशाने परतही आणता येतं. पण तारकेश्वरच्या त्या घरांत चूल विझली, तर चीज परत आणणारा आदेश कोणत्याही मुख्यालयाला काढता येणार नाही. चारशे वर्षं जे टिकलं ते फौजेने टिकवलं नाही. आणि आपण मराठ्यांनी हुगळीत एका अंगाईगीताशिवाय काय ठेवलं, याचं उत्तर मला त्या दिवशी सापडलं नाही.

पोस्टिंग संपली तेव्हा धुरीच्या चाळीस वड्या बरोबर घेतल्या. फ्रिज लागत नाही, रेल्वेच्या प्रवासात टिकतात. पुण्याला आईकडे दिल्या. तिने एक चाखली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "अरे, हे भिजवायचं असेल ना आधी?" तिला कोणी सांगितलं नव्हतं.

कोलकात्यात असलात तर न्यू मार्केटला जा. दोन पांढऱ्या, दोन धुरीच्या घ्या. आणि रात्रभर भिजवा.