गिरणीचा दरवाजा आणि उमेदवाराची संमती

मीरा-भाईंदरची मिठागरे व भातखाचरे मागे हटून तेथे इमारती उभ्या राहिल्या, १९८५ साली नगर परिषद आणि २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली, त्या काळात मुंबईतील जागा न परवडणाऱ्या ज्या कुटुंबांनी येथे बिऱ्हाडे थाटली, त्यांत गिरणगावातून उठलेलीही होती. त्या घरांतील आजचा तरुण नोकरीचा अर्ज मोबाइलवर करतो. ‘मला मान्य आहे’ या शब्दांपुढे बोट टेकल्यावाचून पुढचे पान उघडत नाही, आणि पुष्कळदा माणसाच्या नजरेस अर्ज पडण्यापूर्वीच संगणक त्याची पात्रता ठरवून मोकळा होतो. या संमतीचे मोल जोखताना त्या तरुणाच्या आजोबा-पणजोबांच्या काळातील गिरणीभरतीचा इतिहास पाहणे मला अगत्याचे वाटते.

गिरणीत माणूस घेण्याचा आणि काढण्याचा अखत्यार व्यवहारात जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे. बायकांच्या खात्यात तोच नायकीण चालवी. सकाळी दरवाजाशी जमलेल्या बदली कामगारांतून जॉबर आपली माणसे निवडी आणि त्यापोटी दस्तुरी, म्हणजे आपला हिस्सा, घेई. देणारा ती आपल्या हातानेच देई, पण न दिल्यास त्या दिवसाची रोजी बुडे. अशा देण्याला राजीखुशी म्हणण्यास माझे मन धजत नाही.

१९२९ साली नेमलेल्या कामगारविषयक व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात जॉबरचा हा अधिकार काढून घेण्याची शिफारस केली. पुढे १९३५ साली गिरणी मालक संघाने बदली नियंत्रणाची पद्धत आणली: दरमहा पहिल्या तारखेस निवडक कामगारांना कार्डे द्यावयाची, त्यांनी रोज सकाळी हजर राहावयाचे आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरावयाच्या. जॉबरचे वजन एका कार्डाने संपले नाही, हे खरे. तरी कामगाराकडून कसलीही कबुली न मागता दरवाजावरची मनमानी नियमाने बांधण्याचा तो यत्न होता, आणि त्याचे मर्म मला त्यातच दिसते.

आजच्या उमेदवाराच्या बाबतीत मात्र सारा भर कबुलीवरच आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात संमती मुक्त आणि विनाअट असावी असे म्हटले आहे, आणि त्याच अधिनियमाने नोकरीच्या प्रयोजनासाठी संमतीवाचूनही माहिती वापरण्यास मुभा ठेवली आहे. केवळ यंत्राने केलेल्या निर्णयापासून संरक्षण मिळण्याचा जो हक्क युरोपात २०१८ पासून, अपवादांसह का होईना, अमलात आहे, तो येथे नाही. जॉबरने परतवलेल्या कामगाराला निदान परतवणाऱ्याचे नाव ठाऊक असे. मीरा रोडच्या उमेदवाराला आपला अर्ज कोणत्या निकषावर बाजूला पडला, हेही कळत नाही. नाकारलेल्या उमेदवारास लेखी कारण मिळावे आणि जबाबदार माणसाने त्याचा अर्ज पुन्हा पाहावा, असा हक्क कायद्याने द्यावा. तोवर बोट टेकवून घेतलेली ती मान्यता कोणत्याही मालकाने आपल्या बचावासाठी पुढे करू नये.