चिखलात दडलेले आम्ल : खाजणजमीन कोरडी केल्यावर काय घडते?

कोकण-गोव्यात भरतीचे पाणी जिथवर पोहोचते, त्या सखल जमिनीला खाजण म्हणतात. गोव्याच्या गावकरी व्यवस्थेने शतकानुशतके अशा जमिनींना बांध घालून भात पिकवला. बांधातील ‘मानस’ या लाकडी झडपा भरतीच्या दाबाने मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. पाणी कायमचे हटवण्याऐवजी त्याची ये-जा ताब्यात ठेवणे, हे या रचनेचे सूत्र होय. ते किती मोलाचे आहे, हे अशा किनारी मातीतील खनिजांकडे पाहिल्यावर कळते.

खारफुटीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथील जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटपासून सल्फाइड बनवतात. लोहाशी त्याचा संयोग होऊन पायराइट तयार होते. पाण्याखाली ते हजारो वर्षे निरुपद्रवी राहते. जमीन कोरडी केली, की भेगांतून हवा शिरते आणि पायराइटपासून गंधकाम्ल निर्माण होते. मातीचा सामू चारच्याही खाली घसरतो, चिकणमातीतील ॲल्युमिनियम विरघळते आणि पिकांची मुळे जळतात.

नेदरलँड्समधील हार्लेमरमीर हे विशाल सरोवर वाफेच्या पंपांनी उपसून 1852 मध्ये कोरडे करण्यात आले. अशा नव्या जमिनींत काही ठिकाणी पीकच येईना. डच शेतकरी त्या मातीला ‘मांजरमाती’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रसायनशास्त्रज्ञ व्हान बेमेलेन यांनी तिच्या आम्लतेचा संबंध लोहाच्या सल्फाइडशी जोडला. योगायोग असा, की या मातीत फिकट पिवळ्या रेषांच्या रूपाने दिसणाऱ्या जॅरोसाइट खनिजाला जर्मन खनिजशास्त्रज्ञ ब्राइटहाउप्ट यांनी 1852 मध्येच नाव दिले. जॅरोसाइट आम्ल साठवून ठेवते. पुढे त्याचे गोएथाइटमध्ये रूपांतर होताना उरलेले आम्ल सावकाश बाहेर पडते. म्हणूनच पायराइट संपल्यावरही जमीन वर्षानुवर्षे आंबट राहते.

भारतात याचे ठळक उदाहरण केरळमधील कुट्टनाडची काळी ‘करी’ जमीन. समुद्रसपाटीखालच्या या शेतांत शेतकरी पावसाळ्यात पाणी भरून आम्ल धुऊन काढतात आणि चुना टाकतात. ऑस्ट्रेलियात केर्न्सजवळ ईस्ट ट्रिनिटी येथे उसासाठी 1970च्या दशकात भरतीची जमीन बांध घालून कोरडी केली गेली. आम्ल खाड्यांत उतरून मासे मेले. या शतकाच्या आरंभी तेथे चुन्याच्या साहाय्याने भरतीचे पाणी पुन्हा आत घेण्यात आले. आम्लता घटली आणि खोल चिखलात लोह सल्फाइड पुन्हा तयार होऊ लागले.

खनिजांचे हे चक्र उलटे फिरवता येते. पण त्याला अनेक वर्षे आणि मोठा खर्च लागतो. त्यामुळे एखादे खाजण कोरडे करण्यापूर्वी त्याच्या पोटातील पायराइट तपासणे, हाच त्यातला सर्वांत स्वस्त उपाय ठरतो.