पवनीची पायफेरी आणि स्थानपोथीची रीत

वैनगंगेच्या तीरीं वसलेलें पवनी हें भंडारा जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. देवळांच्या दाटीमुळें लोक त्यास ‘विदर्भाची काशी’ म्हणतात. जाणत्या वाटाड्यासह पायीं हिंडून जुन्या वास्तु पाहण्याची चाल अलीकडे मोठ्या नगरांतून पडली आहे. अहमदाबादच्या महानगरपालिकेनें इ. स. १९९७ मध्यें काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जुम्मा मशिदीपर्यंत अशी फेरी सुरू केली. पुढें २०१७ मध्यें त्या नगरास जागतिक वारशाचा मान मिळाला. या फेऱ्या केवळ मनोरंजनार्थ आहेत, असें संशोधकवर्गास वाटण्याचा संभव आहे. परंतु ही रीत महाराष्ट्रास नवी नाहीं, आणि पवनीसारख्या ठिकाणीं ती संशोधनाचें एक साधनच होय, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस ‘स्थानपोथी’ परिचित आहे. श्रीचक्रधरस्वामींच्या वास्तव्यानें पुनीत झालेलीं स्थानें कालांतरानें विस्मृत होऊं नयेत, म्हणून महानुभावांनीं तीं हिंडून शोधिलीं व नोंदविलीं. त्या खटाटोपाचें फळ म्हणजे चौदाव्या शतकांतील हा ग्रंथ. परंपरा त्याचें कर्तृत्व मुनि व्यासांकडे देते. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, दार कोठें आहे, अमुक स्थान त्याच्या कोणत्या कोनास आहे, अशा नोंदी त्यांत आहेत. यास मराठींतील पहिली पायफेरीची वही म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. भंडाऱ्याशींही या परंपरेचा संबंध निकटचा आहे. स्वामींच्या आद्य अनुयायांपैकीं नीळभट्ट हे ‘भांडारेकार’ या उपपदानेंच ओळखले जातात. स्थानपोथीचें संपादन करणारे डॉ. वि. भि. कोलते यांनींच पवनीचे ब्राह्मी लेखही प्रसिद्ध केले, हा योग ध्यानांत घेण्यासारखा आहे.

आतां पवनीची फेरी कशी घडते तें पाहूं. जवाहर दरवाजा या जुन्या वेशीपासून आरंभ करावा. एरवीं माणूस वेशींतून सरळ बाजाराकडे जातो. जाणता वाटाड्या मात्र त्यास तेथेंच थांबवितो, आणि दरवाजाचें दगडी काम व त्याच्या दोहों बाजूंस पसरत गेलेला मातीचा बांध या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवितो. दरवाजा व बुरूज उत्तरकालीन. बांध त्याहून कितीतरी प्राचीन. हा बांध, त्याच्या बाहेरील खंदक आणि शेवटीं नदी यांच्या अनुरोधानें चालूं लागलें म्हणजे नगराचा घेर पायांनाच कळतो. गांवांत सर्वतोभद्र गणेशाची पंचमुखी शिळा आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत तिची गणना होते.

बालसमुद्र तलावाच्या बाजूस गेलें कीं जगन्नाथ टेकडी लागते. नांव वैष्णव, पण पोटांत बौद्ध स्तूप. इ. स. १९६९-७० मध्यें भारतीय पुरातत्त्व खातें व नागपूर विद्यापीठ यांनीं संयुक्तपणें येथें उत्खनन केलें. डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पति जोशी यांचा त्यावरील वृत्तांत १९७२ मध्यें प्रसिद्ध झाला. विटांचा मोठा स्तूप, त्याच्या कठड्याचे शिल्पांकित दगडी खांब, त्यांवर दात्यांचीं नांवें, आणि मुचलिंद नागाचें नांव कोरलेलें शिल्प अशी सामग्री तेथें उजेडांत आली. पवनीच्या एका लेखांत नाग नांवाच्या पुरुषास ‘पचनेकायिक’, म्हणजे पांचही निकायांचा जाणता, म्हटलें आहे. हीच पदवी भरहुत व सांची येथील लेखांतही येते. वैनगंगेच्या कांठीं त्या काळीं ग्रंथाध्ययन चालत होतें, याचा याहून प्रत्यक्ष पुरावा कोणता असावा? चांडकापूर व हरदोलाला या इतर टेकड्याही फेरींत धराव्या; हरदोलाला टेकडीवर १९९४ मध्यें पुनः उत्खनन झालें.

पण फेरी येथें संपत नाहीं. तिचा उत्तरार्ध नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयांत, म्हणजे लोकांच्या ‘अजबबंगल्यांत’, आहे. पवनीस सांपडलेला महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा छायास्तंभ तेथें ठेविला आहे. छायास्तंभ म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभा केलेला खांब. नदीच्या घाटावर उभा असलेला असा खांब एक सांगतो, स्तूपाच्या सावलींत उभा असलेला दुसरेंच सांगतो. भार राजा भगदत्त याचा पवनीचा शिलालेख म. म. वा. वि. मिराशी यांनीं प्रसिद्ध केला. त्यावरून क्षत्रपाच्या नांवाबरोबर या नगराशीं निगडित असें आणखी एका राजकुलाचें नांव इतिहासास मिळालें. दोहोंची अक्षरें सुरक्षित राहिलीं, कारण तीं दगडांत आहेत. स्थान मात्र दगडांत कोरलेलें नसतें. तें भोंवतालच्या जमिनींत, वाटेंत आणि वृद्धांच्या स्मरणांत असतें. दगड हलला कीं प्रथम तेंच नाहींसें होतें.

म्हणून पायफेरी करणारानें स्थानपोथीचा कित्ता गिरवावा. प्रत्येक फेरीनंतर एक टिपण व्हावें: ओट्यांत, विहिरींत, देवळाच्या पायरींत बसविलेला कोरीव दगड कोणत्या गल्लींत आहे, त्याचें तोंड कोणीकडे आहे, तो कोठून आणिला असें घरचे लोक सांगतात. सांगणाराची कथा व पाहणाराचा तर्क यांची सरमिसळ मुळींच करूं नये. या कामास निकडही आहे. याच तालुक्यांत गोसीखुर्द येथें वैनगंगेवर धरण झालें. त्याची कोनशिला १९८८ मध्यें बसली, आणि पुढें जलाशयामुळें कांठचीं कित्येक गांवें उठलीं. गांव उठलें म्हणजे देवाची मूर्ति लोक बरोबर नेतात. देवाची दिशा कोणी नेत नाहीं.

शेवटीं संग्राहक बंधूंस एक विनंति. पवनीसारख्या गांवीं फिरतांना उचलून नेण्याजोगें पुष्कळ दिसतें, आणि आपण नेलें नाहीं तर तें नष्ट होईल, हा विचार प्रामाणिकपणेंही मनांत येतो. परंतु आपल्या संग्रहांत पडलेला, गांवाचें नांवही नसलेला दगड आणि शेतांत फुटून गेलेला दगड यांत इतिहासाच्या दृष्टीनें अंतर थोडें. महानुभावांनीं स्थानें उचलून नेलीं नाहींत. त्यांनीं तीं लिहून ठेविलीं. त्यामुळेंच सहा शतकांनंतर पोथी हातीं घेऊन निघालेल्या वाटसरूस त्यांतलीं पुष्कळ स्थानें अजून सांपडतात.