मुक्ता साळवे घडली, त्या शाळांचे शिक्षक कुठून आले?

३ जानेवारीला सावित्रीमाईंचा फोटो आपण सगळेच स्टेटसला ठेवतो. पण ही आद्य शिक्षिका शिकवायला कुठे शिकली, हे किती जण सांगू शकतील? घरी जोतीरावांनी त्यांना शिकवले. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे रीतसर प्रशिक्षण घेतले. सावित्रीमाई नुसत्या धाडसी नव्हत्या, प्रशिक्षित होत्या. शेणाचे गोळे आपल्या लक्षात राहिले, प्रशिक्षण आपण विसरलो.

गरीब वस्तीतल्या शाळेसाठी शिक्षक कसा घडवायचा, हा प्रश्न आज जगभर चर्चेत आहे. अमेरिकेत त्यासाठी 'टीचर रेसिडेन्सी' चालते. डॉक्टर जसा रुग्णालयात उमेदवारी करतो, तसे अनुभवी शिक्षकाच्या वर्गात वर्षभर राहायचे, मानधन घेत शिकायचे आणि मग त्याच शहरातल्या शाळांत शिकवायचे. बोस्टनमध्ये हा कार्यक्रम २००३ पासून आहे. २०१२ साली त्याचे मूल्यमापन प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी हे शिक्षक गणितात इतर नव्या शिक्षकांपेक्षा मागे होते. चौथ्या-पाचव्या वर्षी मात्र ते जुन्याजाणत्यांच्याही पुढे गेले. पाचव्या वर्षी त्यांच्यातले शंभरात ७५ जण त्या शहरातच शिकवत होते, इतरांतले ५१. शिवाय कृष्णवर्णीय आणि इतर वंचित समूहांतले शिक्षकही त्यांच्यात जास्त होते. वर्षभरात निकाल लावला असता, तर हा कार्यक्रम नापास ठरला असता.

आता पुण्यात या, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या. फुल्यांच्या शाळांतल्या शिक्षकांत गणू शिवाजी मांग आणि धुराजी आप्पाजी चांभार ही नावे सापडतात. हे दोघे त्याच शाळांत शिकलेले. ज्या वस्तीतून पोरं येत होती, तिथूनच मास्तरही आला. आणि १८५५ साली याच शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. वेद ब्राह्मणांचे, मग आमचा धर्म कोणता, असे ही मांगाची पोर विचारत होती. ही परीक्षा कुठल्या गुणपत्रिकेत बसवणार?

जोतीरावांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हा अनुभव धोरण म्हणून मांडला. प्राथमिक शिक्षक जवळजवळ सगळे ब्राह्मण, बहुतेक अप्रशिक्षित, पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर, हे त्यांनी आयोगाला सांगितले. शिक्षक प्रशिक्षित हवा, शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, लोकांत मिसळणारा हवा. नांगर किंवा वाकस हातात धरायची त्याला लाज वाटू नये. आणि पगार किमान बारा रुपये, मोठ्या गावांत पंधरा-वीस. तिथे पगाराचा आकडा आहे, हे विशेष. समाजसेवेच्या नावाखाली शिक्षकाला उपाशी ठेवायचे नाही, हे त्यांना कळत होते.

आपल्या राज्याने काय केले? २००० साली शिक्षण सेवक योजना आणली. तीन वर्षे तुटपुंजे मानधन. प्राथमिकला कित्येक वर्षे ते सहा हजारच होते, २०२३ मध्ये सोळा हजार झाले. उमेदवारीतली गरिबी तेवढी उचलली, शेजारी उभा राहून शिकवणारा अनुभवी शिक्षक वगळला. दुसरीकडे २००९ पासून मुंबई-पुण्यात 'टीच फॉर इंडिया'चे फेलो दोन वर्षांसाठी येतात. त्यातले बरेच जण मनापासून राबतात, हे मी नाकारत नाही. पण बोस्टनचा शिक्षक चौथ्या वर्षी बहरला. इथली फेलोशिप दुसऱ्याच वर्षी संपते, आणि वस्तीतल्या पोरांना पुन्हा नवा चेहरा.

आमच्या उदगीरला विहारातल्या अभ्यासिकेत डी.एड. झालेली एक ताई संध्याकाळी पोरांना पाढे शिकवते. दिवसा कापडाच्या दुकानात काम. मुलांच्या घरची भांडणं, ऊसतोडीला गेलेले आईबाप, सगळं तिला माहीत. अशा मुला-मुलींना पुऱ्या पगारावर वर्षभर चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली ठेवून याच वस्त्यांतल्या शाळांत नेमा, ही मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनात असली पाहिजे. तोवर कार्यकर्त्यांनी आपल्या भागातल्या शाळेत जाऊन दोनच गोष्टी लिहून आणाव्यात: वस्तीतून आलेले शिक्षक किती, आणि गेल्या पाच वर्षांत टिकले किती.